बदली मिळते, पण कोणाला?
'बाई पुरवणारा ब्युरो बदली बाई देतो, मग देखभालीला येणाऱ्या मावशींनी स्वतःच्या घरच्या आजारपणाला सुट्टी घ्यायला काय हरकत?' असं काहींचं म्हणणं असतं, ते मला पटलं नाही. बदली आपल्याला मिळते, मावशींचा रोज बुडतोच. आमच्या आईकडे येणाऱ्या मावशींच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. पाळी बारा तासांची, म्हणून दुपारी त्यांना भरवायला मावशी शेजारणीला पैसे द्यायच्या. आम्ही दुपारचे दोन तास मोकळे केले, पैसे न कापता. (घर जवळ आहे म्हणून जमलं, हेही खरं.)

कायद्याचं म्हणाल तर मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती आली, पण ती ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. कुणाच्या घरी एकटीने काम करणारी मावशी त्यात कुठून बसणार? आणि म्हाताऱ्या सासूसाठी तर त्यात काहीच नाही.