शब्दचर्चा : छातीतले जंतू – संसर्ग, लागण, वसाहत की ठाण?

प्रश्न

सिस्टिक फायब्रोसिस (कफ घट्ट होऊन फुप्फुसांत जंतू अडकतात असा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत आणायची आहे. आजाराचे नाव तसेच ठेवणार, कारण पालक 'सीएफ' असेच म्हणतात. शिवाय ते नाव स्वादुपिंडातल्या बदलांवरून पडले आहे. त्याचा शब्दशः मराठी प्रतिशब्द वाचून फुप्फुसांबद्दल कोणाला काहीच उमगणार नाही.

अडते आहे ते फुप्फुसातल्या जिवाणूंच्या प्रकरणात. इन्फेक्शन, कॉलनायझेशन, एक्झॅसर्बेशन, इरॅडिकेशन, स्पुटम कल्चर हे शब्द पानोपानी येतात. हाती आलेल्या कच्च्या भाषांतरात त्यांना संसर्ग, वसाहत, तीव्रतावृद्धी, निर्मूलन आणि थुंकी-संवर्धन असे शब्द आहेत. तो मजकूर वाचून एका आईने विचारले, "वसाहत म्हटलंय, संसर्ग नाही म्हटलेलं. म्हणजे औषध नको ना?" या एका प्रश्नासाठी मला सगळे शब्द पुन्हा तपासायचे आहेत. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

त्या आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि दोष 'वसाहत' या शब्दाचा आहे. वसाहत म्हटले की कोणीतरी येऊन शांतपणे राहिले असे वाटते. आपल्या त्वचेवर, आतड्यात जिवाणू असेच राहतात, तिथे तो शब्द चालेल. सीएफच्या फुप्फुसात तसे होत नाही.

मुळात बिघाड सीएफटीआर नावाच्या जनुकात असतो. १९८९ साली ते जनुक सापडले. त्याच्यापासून बनणारे प्रथिन पेशींच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ने-आण करते. ते नीट चालले नाही की श्वासनलिकांच्या आतला ओलावा कमी पडतो, कफ घट्ट आणि चिकट होतो, आणि कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना तो हलवता येत नाही. एरवी श्वासाबरोबर आत गेलेले जंतू कफाबरोबर बाहेर पडतात. इथे ते तिथेच अडकतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आढळतात, वय वाढेल तसा स्यूडोमोनास एरुजिनोसा पुढे येतो. हा माती-पाण्यात, ओलसर जागी सर्वत्र असणारा जंतू आहे. धडधाकट माणसाला त्याचा सहसा पत्ताही लागत नाही.

आधी तो मधूनमधून सापडतो. वेळेत औषध मिळाले नाही किंवा लागू पडले नाही तर तो रूप बदलतो. स्वतःभोवती अल्जिनेट नावाच्या बुळबुळीत शर्करेचे आवरण तयार करतो आणि त्याच्या आडोशाने थरच्या थर जमतात. त्यांच्यावर चालून आलेल्या पांढऱ्या पेशी मरतात, त्यांच्यातून सुटलेली विकरे श्वासनलिकेच्या भिंतीच पोखरतात, आणि मेलेल्या पेशींच्या डीएनएने कफ आणखी घट्ट होतो. मूल हसत-खेळत असतानाही आत हे चालू असते. याला 'वसाहत' म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

मराठीत 'ठाण मांडणे' हा तयार वाक्प्रचार आहे. आलेला हलत नाही, आणि त्याचे असणे आपल्याला जाचते, हे दोन्ही त्यात येते. 'जंतू अधूनमधून सापडतो' आणि 'जंतूने ठाण मांडले आहे' असा फरक पालकांना एका वाचनात कळेल. इंग्लंडमधल्या लीड्सच्या निकषांतही, जे २००३ साली प्रसिद्ध झाले, हाच फरक मोजून केला आहे. मागच्या १२ महिन्यांत ज्या महिन्यांत तपासणी झाली त्यांपैकी निम्म्याहून जास्त महिन्यांत स्यूडोमोनास सापडला तर ते दीर्घकालीन इन्फेक्शन. निम्मे किंवा कमी असेल तर अधूनमधून होणारे. तिथेही शब्द इन्फेक्शनच आहे.

प्रतिसाद २

'ठाण'ला अनुमोदन. पण 'संसर्ग' आणि 'लागण' यांचाही विचार व्हावा. मराठी कानाला दोन्हींतून 'लागट आजार' ऐकू येतो. खोकणारे मूल दिसले की शेजारी बसलेला माणूस सरकून बसतो. सीएफ लागत नाही. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक आले तरच तो होतो. ठाण मांडलेल्या जंतूंपासूनही घरातल्या निरोगी माणसांना सहसा काही होत नाही.

मात्र सीएफ असलेल्या एका व्यक्तीकडून सीएफ असलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे हे जंतू जातात. बर्खोल्डेरिया सेपेशिया गटातल्या जंतूंनी १९८० च्या दशकात हे फार कठोरपणे दाखवले. हे जंतू गेलेल्यांपैकी काही जणांची प्रकृती काही आठवड्यांत ढासळून मृत्यू ओढवले. सीएफ असलेल्या मुलांची एकत्र शिबिरे त्यातूनच बंद झाली, आणि रुग्णालयात त्यांना एकमेकांपासून दूर बसवू लागले. तेव्हा पुस्तिकेत 'जंतुसंसर्ग' लिहा, हरकत नाही, पण कोणाला धोका आणि कोणाला नाही हे त्याच परिच्छेदात यायला हवे. एकाच आजाराची दोन मुले एकमेकांचा हात धरू शकत नाहीत, हे पालकांना समजावणे किती जड जाते ते मी जवळून पाहिले आहे.

प्रतिसाद ३

मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून 'थुंकी'बद्दल. कृपया तो शब्द काढाच. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ. आम्हाला हवा असतो छातीतून खोकून काढलेला बेडका. 'थुंकी आणा' म्हटले की लोक डबीत लाळ आणून देतात. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या चपट्या पेशीच दिसतात आणि नमुना वाया जातो. 'बेडका' शब्द काहींना किळसवाणा वाटतो, पण त्याचा अर्थ कोणी चुकवत नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्या घशातून बोळ्याने नमुना घेतात, किंवा खारट पाण्याची वाफ देऊन खोकला आणवतात.

आणि हो, 'वसाहत' शब्द आमच्याकडे राहू द्या. काचेच्या तबकडीवर जंतूंचे जे ठिपके वाढतात त्यांना तो शोभतो. नेहमीच्या स्यूडोमोनासची वसाहत चपटी, हिरवट झाक असलेली, आणि वास द्राक्षासारखा गोडसर. ठाण मांडलेल्याची मात्र फुगीर, ओली, चकचकीत असते. तारेने उचलायला गेले की लाळेसारखी तार सुटते, आणि हिरवा रंग बरेचदा गेलेला असतो. अहवालात 'म्यूकॉइड' लिहितात ते हे. पुस्तिकेत 'बुळबुळीत आवरणाचा' म्हणता येईल.

प्रतिसाद ४

एक्झॅसर्बेशनसाठी 'तीव्रतावृद्धी' नको. घरात कोणीही म्हणते, "दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली." आजार आधीपासून आहे, दबलेला होता, आता वर आला, हे सगळे त्यात आहे. 'उचल' हेच शीर्षक करा.

त्याखालची लक्षणे मात्र सावकाश, नीट लिहा. खोकला वाढणे, बेडका जास्त येणे किंवा त्याचा रंग गडद होणे, जिना चढताना धाप, जेवणावरची वासना जाणे, वजन उतरणे, फुंकून करायच्या चाचणीत एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) घसरणे. ताप असेलच असे नाही, हे ठळक छापा. ताप नाही म्हणून थांबलेल्या घरांतल्या मुलांची फुप्फुसे झिजतात, आणि उचलीत गेलेली ताकद दर वेळी पूर्ण भरून येत नाही. शिरेतून बहुधा दोन प्रतिजैविके साधारण दोन आठवडे द्यावी लागतात, तेही लिहा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण, उचल, बेडका हे तिन्ही घेते. इरॅडिकेशनला 'निर्मूलन' म्हटले की देवीसारखा रोग जगातून गेल्याचे डोळ्यांपुढे येते. इथे एका मुलाच्या छातीतून, तेही पहिल्यांदा सापडल्याबरोबर, जंतू घालवायचा आहे. टोब्रामायसिन वाफेवाटे २८ दिवस, असा उपचार त्यासाठी असतो. 'जंतू हुसकावणे' कसे वाटते? आणि रेझिस्टंटला काय म्हणावे?

प्रतिसाद १

'हुसकावणे' उत्तम. हुसकावलेला परत येऊ शकतो, हेही त्यात आपसूक येते. रेझिस्टंटसाठी 'प्रतिकारक्षम' टाळा. 'रोगप्रतिकारशक्ती'मुळे तो शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो, आणि "शरीराला औषधाची सवय झाली" हा गैरसमजही त्यातूनच वाढतो. औषधाला दाद देत नाहीत ते जंतू, शरीर नव्हे. 'औषधाला दाद न देणारे जंतू' असे सरळ लिहा.

प्रतिसाद ३

एक राहिले. २०१९ पासून आलेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने अनेकांचा कफ इतका कमी होतो की बेडकाच येत नाही. त्याचा अर्थ जंतू गेले असा नव्हे. ठाण मांडलेला स्यूडोमोनास बऱ्याच जणांत त्यानंतरही सापडतो. म्हणून 'बेडका येत नसेल तर घशाचा नमुना द्या, तपासणी बंद करू नका' हे वाक्य तपासणीच्या पानावर हवेच.