गोल्डन मोल : आकारातला फरक म्हणजे वेगळी जात नव्हे

एकांनी लिहिलंय की एकाच भागातल्या दोन गोल्डन मोलच्या (आफ्रिकेत जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या छोट्या सस्तन प्राण्यांच्या) कवट्यांमध्ये एवढा फरक असेल तर त्या दोन जाती धरायला हव्यात. मला हे पटत नाही. आधी नर-मादी आणि वय तपासायलाच हवं.

यांच्या बऱ्याच जातींत नर मादीपेक्षा मोठा आणि वजनदार असतो. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात राहणारा ग्रँटचा गोल्डन मोल हे त्याचं उदाहरण. पण जिवंत प्राणी हातात घेतला तरी लिंग ओळखणं कठीण, कारण वृषण पोटातच असतात आणि मलमूत्र व प्रजननासाठी बाहेर एकच द्वार असतं. संग्रहालयातल्या वाळवलेल्या कातड्यावरून तर फारच अवघड.

वयाचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या प्राण्यांत कायमचे दात फार उशिरा येतात, शरीर जवळपास पूर्ण वाढल्यावर. म्हणजे अंगाने प्रौढ दिसणाऱ्याच्या तोंडात दुधाचे दात असू शकतात! उलट म्हाताऱ्या प्राण्याच्या दाढांची टोकं झिजून सपाट होतात. नवी, टोकदार दाढ आणि ही झिजलेली दाढ शेजारी ठेवली तर नवख्याला त्या एकाच जातीच्या वाटणारच नाहीत. म्हणून दातांची मापं देताना झीज किती हे लिहायलाच हवं.

सोमाली गोल्डन मोल आपल्याला माहीत आहे तो 1964 साली गव्हाणी घुबडाने ओकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळीत सापडलेल्या एकमेव अपूर्ण नमुन्यावरून. एका नमुन्यावरून त्या जातीत नर-मादीत किती फरक असतो, हे कसं ठरवणार?