मदत हवी आहे: कुत्रा-मांजर बेडवर झोपू द्यावं की नाही? (लवकर सांगा)

रानमोगरा, फोंडा
नमस्कार. सरळच विचारते. आमचा शेरू आणि मनी दोघंही रात्री आमच्या बेडवर झोपतात. शेरू पायाशी, मनी माझ्या उशीला टेकून. चार वर्षं हे असंच चाललंय. गेले पंधरा दिवस मात्र यावरून घरात रोज वाद. नवरा म्हणतो, त्यांना खोलीबाहेर काढ, नाहीतर मी हॉलमध्ये झोपतो. परवापासून तो हॉलमध्येच झोपतोय. काल दोघांना बाहेर ठेवून दार लावलं, तर शेरूने नखांनी ओरबाडून दाराचं पॉलिश काढलं. पहाटे तीनला शेजाऱ्यांचा फोन आला. दहा दिवसांवर चतुर्थी, डिचोलीला मूळ घरी जायचंय, दोघांना बरोबर न्यावंच लागतं. मला एवढंच सांगा: जनावरं बेडवर झोपल्याने माणसाला खरंच काही होतं का? हो की नाही? लांबलचक नको, प्लीज.

माडाखाली
नाही. बिनधास्त झोपू द्या. आमच्याकडे अकरा वर्षं कुत्री माझ्या दोन्ही मुलांमध्ये झोपली, मुलं धडधाकट आहेत. ज्या जिवाला घरचं म्हटलं त्याला रात्री दाराबाहेर कसं ठेवायचं? नवऱ्याची समजूत काढा.

सांखळीकर
माझं उत्तर हो, होतं. आमच्या घरी कुत्र्याची जागा पडवीत आणि मांजराची चुलीजवळ, ती काही उगाच ठरली नव्हती. पावसात गोचीड किती वाढते ते चिरेबंदी घरात राहणाऱ्याला विचारा. ती कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते आणि मग उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आमच्या जुन्या घरात एका जुलैत ती छताच्या वाशांपर्यंत चढली होती. कुत्र्याला गोचीडताप आला, प्लेटलेट उतरल्या, जेमतेम वाचला. तुमच्या बेडला फटी नाहीत का?

निळी_छत्री
ताई, हो-नाही सांगण्याआधी थोडी माहिती हवी. दोघांना जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? गोचीड-पिसवांचं काय वापरता? मनी बाहेर फिरते का? मुख्य म्हणजे चार वर्षं चाललं होतं, मग पंधरा दिवसांपूर्वी काय झालं?

रानमोगरा
लसी सगळ्या झाल्यात. मनी घरातच असते, गॅलरीत जाते तेवढंच. नवऱ्याला खाज सुटते म्हणून तो चिडलाय, पण ती पावसातली घामाची खाज आहे, कपडे वाळत नाहीत आमच्याकडे. तो मलम लावतोय, बरं वाटतं म्हणतो. माझा प्रश्न बेडचा आहे.

कुळागर_७
खाज म्हणजे पिसवा! वेळ घालवू नका. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मिळतात, मोठ्या वजनाचं पाकीट आणा, अर्धं शेरूला आणि उरलेलं मनीला. शिवाय गादीखाली डांबराच्या गोळ्या. आमच्याकडे दरवर्षी हेच करतो.

शेवंती
थांबा, ताई, हे मुळीच करू नका!! कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मांजर दगावतं. माझा काळ्या असाच गेला, दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात. पाकिटावर कुत्र्याचं चित्र होतं आणि मी वाचलं नाही. त्याला दवाखान्यात पोचवेपर्यंत तो माझ्या मांडीवर कापत होता. मांजराला फक्त मांजराचंच औषध, तेही वजन करून. चुकून दुसरं पडलंच तर भांड्यांच्या साबणाने लगेच धुवा आणि डॉक्टरकडे पळा. डांबराच्या गोळ्याही दोघांना विषारी आहेत.

कुळागर_७
आमच्या मांजराला आजवर काही झालं नाही.

शेवंती
दादा, तुमच्या थेंबांत परमेथ्रिन नसेल. कुणाच्या पाकिटात काय असेल ते तुम्हाला इथून कसं कळणार? कृपा करून तो सल्ला काढून टाका.

म्हापशाची_काकू
घरात कुणी गरोदर आहे का? असेल तर मांजर आजच माहेरी पाठव. टोक्सोप्लाझ्मा म्हणतात तो रोग मांजरामुळेच होतो, बाळाला धोका असतो.

निळी_छत्री
काकू, ताईंनी तसं काही लिहिलेलं नाही. तरी कुणी वाचून घाबरू नये म्हणून सांगते. तो जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो, तिच्या अंगाशी झोपल्याने नाही. विष्ठा पडल्यावर निदान एक दिवस जावा लागतो, मगच तो लागू शकतो. म्हणून मांजराची माती रोज बदलायची, आणि गरोदर बाईने ते काम दुसऱ्याला द्यायचं. अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो. मांजर घालवून द्यायची गरज नसते.

माडाखाली
झोपेबद्दलही कुणीतरी बोला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ४० जणांची झोप मोजली होती. कुत्रा खोलीत असला तरी माणसं नीट झोपतात असं दिसलं.

सांखळीकर
पूर्ण सांगा. त्याच पाहणीत कुत्रा बेडवर आला की झोप थोडी खालावते असंही निघालं. खोलीत आणि बेडवर यांत फरक आहे.

दर्यावर्दी
विषयाला सोडून आहे, पण चतुर्थीला डिचोलीला नेताय म्हणून लिहितो. फटाक्यांची काय सोय? आमचा कुत्रा एका चतुर्थीला पट्टा तोडून पळाला, तिसऱ्या दिवशी सापडला. आतली खोली, पंखा मोठा, आणि गळ्यात फोन नंबरची चकती. रेबीज आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसींची तारीख कार्डावर बघून घ्या. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाला म्हणून लोक ढिले पडलेत. लेप्टो तर उंदराच्या मुतातून पावसाच्या पाण्यात उतरतो, आणि कुत्री तेच डबक्यातलं पाणी पितात.

निळी_छत्री
रानमोगराताई, मी पुन्हा विचारते, रागावू नका. खाज नक्की कुठे आहे? चट्टे आहेत का, कसे दिसतात? मलमाचं नाव काय? घरात नवीन जनावर आलंय का?

रानमोगरा
कमरेला आणि डाव्या दंडावर. गोल आहेत, कडेला लाल आणि मधे साधी कातडी. मलम फार्मसीवाल्याने दिलं, तीन-चार औषधं एकत्र असलेलं. लावलं की दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा आणखी मोठा होतो. पिल्लू आहे एक. मार्केटजवळ पावसात भिजत होतं, तीन आठवडे झाले आणून. ते कुणाला तरी द्यायचंय म्हणून लिहिलं नाही. पहिला आठवडा बाथरूममध्ये ठेवलं, पण रात्रभर रडायचं, म्हणून मग बेडवर घेतलं. त्याच्या कानामागचे केस गेलेत, मला वाटलं आईने चावलं असेल. नवरा त्याला पोटाशी घेऊन झोपायचा. त्यालाच त्याचा जास्त लळा.

निळी_छत्री
हे गजकर्ण वाटतंय, ताई. मी डॉक्टर नाही, पण सात वर्षं रस्त्यावरची पिल्लं सांभाळते आणि मला स्वतःला ते दोनदा झालंय. ही बुरशी असते. पिल्लांना पटकन होते, त्यांच्याकडून माणसाला लागते. मोठ्या मांजराच्या अंगावर काही न दिसताही ती असू शकते, म्हणून मनी आणि शेरू दोघांना दाखवा.

मलम आजच थांबवा. अशा मिश्रणात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज दबते आणि खाली बुरशी पसरते. ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, म्हणजे त्यांना कळेल काय लावलं होतं.

पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवा, अशी खोली जिथे फरशी पुसता येते. त्याच्याशी खेळायचं, पण हातमोजे घालून, जुना सदरा चढवून. गळलेल्या केसांतून बुरशी महिनोन्महिने टिकते, म्हणून नुसतं झाडू नका, आधी ओल्या फडक्याने केस उचला. चादरी, उशांचे अभ्रे दोनदा धुवा. या हवेत नीट वाळत नसतील तर इस्त्री करा, दमट ठेवू नका.

चार वर्षं शेरू आणि मनी झोपत होते तेव्हा काही झालं नाही, कारण त्यांच्या अंगावर काही नव्हतं. नव्या जिवाला तपासल्याशिवाय बेडवर घेतलं, चूक तिथे झाली.

सांखळीकर
म्हणजे शेवटी बेडवर घेतल्यानेच झालं ना?

माडाखाली
मांडीवर घेतलं असतं तरी झालं असतं, सांखळीकर. तपासायला नेणं महत्त्वाचं. मीही वर बिनधास्त म्हणायला नको होतं, आधी विचारायला हवं होतं.

सांखळीकर
हे पटलं. तरी माझ्या घरी पडवीच.

रानमोगरा
आज जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. निळ्या दिव्याखाली पिल्लाचे कानामागचे केस हिरवे चमकले. मनीचे नाही चमकले, पण प्रत्येक बुरशी चमकत नाही म्हणून तिचेही केस तपासणीला घेतलेत. पिल्लाला तोंडाने द्यायचं औषध आणि औषधी पाण्याची आंघोळ, काही आठवडे. नवऱ्याची उद्याची वेळ मिळालीय. त्याला सांगितलं तर म्हणाला, पिल्लू कुणाला देऊ नको, बरं झाल्यावर बघू.

मनीचा रिपोर्ट येईपर्यंत बेडवर कुणीच नाही. शेरूची गादी बेडला लावून खाली टाकलीय. रात्री हात खाली सोडला की तो नाक लावून झोपतो, दार ओरबाडत नाही. मनी रुसलीय. डिचोलीच्या घरी सहा लहान मुलं आहेत, त्यामुळे मनी आणि पिल्लाला नेणार नाही. मनीला गॅलरीच्या खोलीत ठेवून शेजारची मुलगी खायला घालेल. पिल्लाला औषध देणारं कुणी नाही. फोंड्याच्या आसपास पाच दिवस कुणी सांभाळेल का? औषध, हातमोजे, सगळं मी देईन.

शेवंती
मी कुर्टीला राहते. काळ्यानंतर घरात दुसरं जनावर आणलेलं नाही, मागची खोली रिकामी आहे, फरशीची. मेसेज केलाय, बघा.