शंभर लिटरच्या खाऱ्या टाकीत कोणते मासे एकमेकांशी जुळतील?

मुळाकाठ, पुणे

नमस्कार. सहा वर्षे गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्यानंतर चार महिन्यांपूर्वी मी प्रथमच खाऱ्या पाण्याची टाकी लावली. तिचे माप 60 × 45 × 40 सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाने 108 लिटर आहे. दगड आणि वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी 85 लिटरच्या आसपास भरते. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएम, क्षारता दर हजारी 35 आणि तापमान 26 अंश असे आकडे गेले पाच आठवडे स्थिर आहेत. झोआंथिड, मशरूम आणि एक लहान लेदर कोरल हे प्रवाळ नीट उमलतात.

सध्या मासा एकच आहे: टाकी मुरवण्यासाठी, म्हणजे पाण्यात उपयोगी जिवाणू वाढावेत म्हणून दुकानदाराने दिलेला काळ्या-पांढऱ्या तीन पट्ट्यांचा डॅम्सेल. आता ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक यलो टँग, एक मँडरिन, एक फायरफिश आणि एक सिक्सलाइन रास आणावे, असा विचार आहे. दुकानात हे सगळे मासे एकाच टाकीत सुखाने पोहताना मी पाहिले आहेत. यांपैकी कोणते माझ्याकडे एकत्र राहतील, कोणत्या क्रमाने सोडावेत आणि क्लाउनसाठी समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन हा प्राणी) लागतेच का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकिनारा, ठाणे

आपले पाण्याचे आकडे उत्तम आहेत आणि खरेदीपूर्वी विचारलेत हे फार बरे झाले. दुकानातील शांततेवर मात्र विसंबू नये. तिथे गर्दी इतकी असते की कोणालाच आपली हद्द आखता येत नाही, आणि बहुतेक मासे काही दिवसांचेच पाहुणे असतात. घरच्या टाकीत हाच मासा महिनाभरात एक कपार आपली मानतो आणि तिथून भांडणांना सुरुवात होते. म्हणून मी मासा निवडताना आधी दोन गोष्टी पाहतो: तो टाकीचा कोणता भाग वापरणार, आणि तो भाग दुसऱ्याने वापरलेला त्याला चालतो का. रंग आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

या कसोटीवर आपल्या यादीतील तीन नावे गळतात. यलो टँग वीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर खडकांवरून शेवाळ खुडत लांबच लांब पोहतो; साठ सेंटीमीटरची टाकी ही त्याच्यासाठी कोठडी आहे. सिक्सलाइन रास लहान दिसतो, पण एकदा स्थिरावला की मागून आलेल्या प्रत्येक गरीब माशाच्या पाठी लागतो, आणि फायरफिशला तर तो अन्नापर्यंतही पोहोचू देत नाही. मँडरिनचे दुखणे निराळे आहे. तो कोणाशी भांडत नाही. मात्र खडकांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत तो दिवसभर चरतो, आणि चार महिन्यांच्या लहान टाकीत ते काही आठवड्यांतच संपतात. गोठवलेल्या अन्नाकडे बहुतेक मँडरिन ढुंकूनही पाहत नाहीत. रंग तसाच झळाळत राहतो आणि खाली पोट खपाटीला जाते. आपल्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. इतका देखणा जीव उपासमारीने जाताना मी एकदा पाहिला आहे, म्हणून कळकळीने सांगतो, हा मासा आत्ता आणू नका.

क्लाउनची जोडी अवश्य आणा. सगळे क्लाउन प्रथम नर असतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यामुळे दोन्ही पिल्लेच घ्यावीत, एक थोडे मोठे आणि एक लहान. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत मारामारी होऊ शकते. पहिल्या आठवड्यात धाकटा थोरल्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवताना दिसेल. तो आजार नव्हे, ती शरणागती आहे, आणि ती दिसली की जोडी जमली असे समजावे. समुद्रफुलाची त्यांना गरज नाही. त्याला प्रखर प्रकाश लागतो, ते जागा सोडून फिरते, वाटेतील प्रवाळांना डंख करते आणि कधी कधी पॉवरहेडमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) सापडून साऱ्या टाकीचे पाणी नासवते.

तळासाठी पिवळी वॉचमन गोबी आणि तिच्याबरोबर पिस्तूल कोळंबी सुचवतो. कोळंबीला फारसे दिसत नाही. ती दिवसभर बिळातील वाळू बाहेर ढकलत असते आणि बाहेर येताना एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपटी फडकवते आणि क्षणात दोघेही आत. आपल्या मुलाबाळांना यापेक्षा सुंदर काही दाखवता येईल असे मला वाटत नाही. मात्र दगड वाळूवर नव्हे, थेट काचेवर टेकलेले असावेत, कारण कोळंबी पोखरत गेली की वाळूवर रचलेला दगड कोसळतो.

मधल्या भागात एक फायरफिश, आणि दगडांवर एक टेलस्पॉट ब्लेनी. एवढ्यावर थांबावे. पाच मासे आपल्याला कमी वाटतील. पण मे महिन्यात दुपारी वीज गेली, पाणी तापले आणि पंप थांबला की कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी राहतो. माशांची संख्या त्या दिवसाच्या हिशेबाने ठरवावी, डिसेंबरच्या नव्हे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असूच द्यावा.

क्रम असा ठेवा: प्रथम फायरफिश, मग गोबी व कोळंबी, मग ब्लेनी आणि शेवटी क्लाउन, दर वेळी तीन-चार आठवड्यांचे अंतर. प्रत्येक मासा वेगळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवूनच मुख्य टाकीत सोडावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आत शिरला तर तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही; त्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

शिंपला, रत्नागिरी

वरील सर्व मताशी सहमत आहे. फक्त झाकणाविषयी लिहायचे राहिले, आणि फायरफिशच्या बाबतीत ती पहिली अट आहे. माझा फायरफिश सात महिने निर्धास्त होता. एका रात्री कोणीतरी खोलीतील दिवा अचानक लावला आणि सकाळी तो टाकीमागे, भिंतीलगत, वाळलेला सापडला. मागच्या बाजूला नळीसाठी सोडलेली जेमतेम तीन बोटांची फट त्याला पुरली होती. काचेचे झाकण उष्णता कोंडते, म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत बारीक छिद्रांची पारदर्शक जाळी ताणून बसवावी आणि नळ्यांच्या जागाही बंद कराव्यात.

क्लाउन मागताना ते पैदास केंद्रातील आहेत का, हे अवश्य विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही असे पैदास केंद्र आहे. तिथली पिल्ले पहिल्या दिवसापासून दाणे खातात आणि समुद्रातून एक मासा कमी उपसला जातो. आणखी एक: 2001 पासून सर्व दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोणी आपल्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ केला तर तो घेऊ नये.

मुळाकाठ, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. टँग, मँडरिन आणि रास यादीतून काढले. जाळीचे माप उद्याच घेतो. पण मग डॅम्सेलचे काय करावे? तो आताच माझ्या हातावर धावून येतो, आणि दगड न हलवता त्याला पकडणे मला जमलेले नाही.

खाडीकिनारा, ठाणे

तो आधी काढावाच लागेल, नाहीतर फायरफिश पहिल्याच दिवशी कोपऱ्यात कोंडला जाईल. जाळे घेऊन पाठलाग करू नका, त्याने प्रवाळच मोडतात. पाण्याच्या बाटलीचे तोंड कापून उलटे आत बसवा, बाटलीला बारीक छिद्रे पाडा, आत थोडे गोठवलेले अन्न ठेवा आणि ती त्याच्या आवडत्या कपारीसमोर आडवी ठेवा. आदल्या दिवशी खायला घालू नये. पहिले दोन दिवस तो नुसताच बाटलीला टकरा देईल. तिसऱ्या दिवशी बहुधा आत शिरेल. दुकानदार परत घेतो का हे आधी विचारून ठेवा. तो नाही म्हणाला तर मला कळवा. माझ्याकडच्या मोठ्या टाकीत त्याला जागा आहे.