पार्क ग्वेल: निसर्गाचे रूप घेतले की निसर्गाची रीत?

धागाप्रवर्तक:
बार्सिलोनातील पार्क ग्वेल हे उद्यान म्हटले की पायऱ्यांवरचे सरड्याचे रंगीत शिल्पच बहुतेकांना आठवते. माझ्या मते मात्र ते घडवणारा वास्तुविशारद अंतोनी गौदी याचे खरे निसर्गप्रेरित काम त्या सरड्याच्या मागे दडले आहे. वरच्या विस्तीर्ण चौकात फरसबंदी नसल्यामुळे पावसाचे पाणी थरांमधून गाळले जाते, खालच्या ८६ खांबांमधील नळ्यांतून भूमिगत टाकीत उतरते आणि टाकी भरली की जास्तीचे पाणी त्याच सरड्याच्या तोंडातून बाहेर पडते. डोंगर पाणी मुरवतो आणि झऱ्यावाटे सोडतो, तीच ही रीत आहे.

प्रतिसाद १:
मी पूर्णपणे असहमत आहे. पाणी साठवणाऱ्या प्रत्येक बांधकामाला निसर्गप्रेरित म्हणायचे ठरवले, तर त्या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. ते खांब ग्रीक मंदिरांच्या डोरिक शैलीतले आहेत, आणि गौदीचा सहकारी जोसेप मारिया जुजोल याने चिनी मातीचे तुकडे जडवून नटवलेला चौकाच्या कडेचा नागमोडी बाक देखणा असला तरी ती सजावट आहे. आपल्याकडच्या बागांत सिमेंटचे कठडे झाडाच्या फांद्यांसारखे रंगवतात, त्याहून हे कितीसे वेगळे?

धागाप्रवर्तक:
फरक भार पेलण्यात आहे. डोरिक वळणाचे असूनही कडेचे खांब आत झुकलेले आहेत. उद्यानातले रस्ते उतारावरून नेणाऱ्या मार्गपुलांचे कलते खांब पाहा: त्याच टेकडीचा ओबडधोबड दगड, आणि डोंगराच्या रेट्याला टेकू देणारा नेमका कल. गौदीने टेकडी सपाट केली नाही. रस्ते उताराच्या कलाने वळवले आणि मूळची कॅरोबची झाडे राखली. रंगवलेल्या कठड्याची फांदी काढून टाकली तरी काही कोसळत नाही, इथला कल काढला तर पूल उभा राहणार नाही.

प्रतिसाद २:
हे उद्यान मुळात घरांची वसाहत म्हणून आखले होते, पण या चर्चेत त्या वसाहतीचे नियम कोणीच विचारात घेतलेले नाहीत. गौदीला हे काम देणारे उद्योजक एउसेबी ग्वेल यांना १९०० पासून इथे श्रीमंतांसाठी सुमारे ६० भूखंडांची वसाहत उभारायची होती आणि प्रत्येक भूखंडाच्या फक्त सहाव्या हिश्शावर बांधकामाची मुभा होती. भूखंड खपले नाहीत, जेमतेम दोन घरे झाली, आणि १९२६ मध्ये ती जागा सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली. टेकडी वाचली ती या अपयशामुळे. त्याचे सगळे श्रेय वास्तुकलेला देणे मला पटत नाही.

प्रतिसाद १:
मार्गपुलांबाबतचा मुद्दा मला मान्य आहे. चौकाच्या बाकाबाबत मात्र माझे मत कायम आहे.