खारा वारा आणि चार्जिंगच्या पिना

टॉवर-फायबरची दुरुस्ती करणाऱ्या पोरांना कुठले फोन द्यावेत, यावर वर एकांनी म्हटलंय, आयपी ६८चा (धूळ-पाणी आत न शिरण्याचं मानांकन असलेला) फोन दिला की गोव्यातल्या पावसाची चिंता मिटली. अर्धंच खरं. त्या मानांकनाची चाचणी गोड्या पाण्यातली. मोरजी-हरमलच्या टॉवरवर खारा वारा असतो. ओल्या पोर्टात केबल खुपसली की पिना गंजून हिरव्या पडल्याच म्हणून समजा. त्यापेक्षा फोनच्या मागच्या धातूच्या पट्ट्यांवरून चार्ज करणारा डॉक (फोन ठेवायचा स्टँड) घ्या, त्या पुसता तरी येतात.

एमडीएममधून (कंपनीचे फोन लांबून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) किऑस्क मोड, म्हणजे ठरावीकच अ‍ॅप चालू देणारी सोय, लावाच, पण कामाचे फॉर्म आणि नकाशे ऑफलाइन चालायला हवेत. सत्तरी तालुक्यात फायबर तुटला म्हणून गेलेल्या माणसाला तिथं रेंज कुठून मिळणार? अपडेट मात्र रात्री, ऑफिसच्या वायफायवरच सोडा. ऐन चतुर्थीत तक्रारींचा ढीग असताना फोन रीस्टार्ट झाला, तर पोरं शिव्या तुम्हालाच घालतील.