गंबोरो (कोंबड्यांचा व्हायरसचा रोग) : मर थांबली तरी पक्षी का सावरंनात? बर्सा म्हणजे नेमकं काय?

शेडवाला_अहमदपूर
नमस्कार मंडळी. अहमदपूर तालुक्यात ब्रॉयलरचं शेड हाय आपलं, कंपनीच्या करारावर. चौथ्या आठवड्यात एकाएकी पक्षी पिसं फुगवून कोपरे धरायले, पांढरी पाण्यासारखी हगवण, अंग थरथरायलं, स्वतःच्याच ढुंगणाकडं टोचायले. दुसऱ्या दिवसापासून मर सुरू, मग एकदम वाढली आन आठवडा व्हायच्या आत आपोआप कमी बी झाली. डॉक्टरनी पीएम (मेलेला पक्षी चिरून तपासणी) केलं, मांडीवर आन छातीवर रक्ताचे फराटे दाखवले, मग शेपटीच्या बुडाशी आतून एक गोळा काढला, सुजून टम्म झालेला, वरून पिवळसर जेलीचा थर. म्हणले हा बर्सा, गंबोरो हाय.
आता खरा प्रश्न पुढंच हाय. मर थांबल्यावर काही दिवसांनी घरघर सुरू झाली, आता पीएमला काळजावर पांढरा पडदा दिसायलाय, काही पक्षी माना वाकड्या करायलेत, वजन धरंनात. लासोटा (राणीखेत रोगाची लस) वेळेवर झालेली हाय राव! मग हे काहून? सुपरवायझर म्हणतो अँटिबायोटिक चालवा. त्या गोळ्याचा आन ह्याचा काय संबंध हाय ते कुणीतरी नीट सांगा, इकडं प्रत्येकजण वेगळंच सांगायलाय.

पशुवैद्य_उदगीर
दादा, संबंध आहे, आणि सगळा त्याच गोळ्याशी आहे.
बर्सा हा फक्त पक्ष्यांमध्ये असतो, वेंटच्या (विष्ठेच्या जागेच्या) वरच्या अंगाला आत. त्याचं काम कित्येक वर्षं कुणाला कळलेलं नव्हतं. १९५६ ला अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सोबत्यानं दाखवलं की लहानपणी बर्सा काढलेल्या कोंबड्यांमध्ये अँटिबॉडीच (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) नीट तयार होत नाही. म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या ज्या बी पेशी आहेत त्या या गोळ्यात तयार होतात आणि तिथून रक्तात, प्लीहेत, आतड्यात जाऊन बसतात.
गंबोरोचा व्हायरस नेमक्या याच पेशी धरतो, त्यातही अजून तयार होत असलेल्या कोवळ्या पेशी. लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा), खाद्य, पाणी कशातूनही तोंडावाटे आत गेला की आधी आतड्यातल्या पेशींमध्ये वाढतो, पाच-सहा तासांत लिव्हरमध्ये असतो आणि साधारण अकराव्या तासाला बर्सात. तिथं त्याला हव्या त्या पेशी गच्च भरलेल्या सापडतात, तिथं तो प्रचंड वाढतो आणि पुन्हा रक्तात उतरतो, आणि दोन-तीन दिवसांत तुम्हाला शेडमध्ये लक्षणं दिसायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास सूज येऊन बर्सा जवळपास दुप्पट होतो, व्हायरसचा जहाल स्ट्रेन (प्रकार) असला तर आत रक्तस्राव होऊन काळ्या द्राक्षासारखा दिसतो. मग तो आटायला लागतो. आठव्या दिवसापर्यंत मूळ आकाराच्या एक तृतीयांशावर येतो. म्हणून पीएम कोणत्या दिवशी केलं याला फार महत्त्व आहे. उशिरा केलं तर छोटा, करडा, सुरकुतलेला बर्सा सापडतो आणि बघणारा म्हणतो सूज नाही, म्हणजे गंबोरो नाही. उलट तोच झालेला असतो!
प्लीहा, थायमस, सीकल टॉन्सिल या प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या अवयवांनाही मार बसतो पण बर्साइतका नाही. किडनी सुजून पांढरट दिसते. १९६२ ला डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाकडच्या फार्मांवरून हा रोग पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा तो किडनीचाच रोग वाटला होता.
आता तुमचं. लासोटा दिली म्हणजे तुम्ही शरीराला काम सांगितलं, पण काम करणाऱ्या पेशीच मेल्या. आधी तयार झालेली अँटिबॉडी हळूहळू उतरते आणि नवी नीट बनत नाही. मग राणीखेत येते, आणि एरवी शेडमध्ये असूनही त्रास न देणारा ई. कोलाय हा बॅक्टेरिया श्वासातून घुसतो. काळजावरचा पडदा त्याचाच दिसतोय. अँटिबायोटिक गंबोरोवर काडीचं काम करत नाही, ई. कोलायवर करेल, पण कोणतं चालेल ते सेन्सिटिव्हिटी टेस्ट (त्या जंतूवर कोणतं औषध लागू पडतं ती तपासणी) करून ठरवा, उगाच तीन-तीन औषधं पाण्यात ओतू नका. किडनी आधीच थकलेली आहे. विकायची वेळ जवळ आली असेल तर औषधाचा विथड्रॉवल पिरियड (औषध बंद केल्यापासून विकेपर्यंत सोडायचे दिवस) पाळा, लोक खाणार आहेत ते. आणि माना वाकड्या करणारे पक्षी आहेत म्हणजे राणीखेतची तपासणी करूनच घ्या.

परभणी_लेअर
डॉक्टर साहेबांचं बरोबर हाय. लेअरच्या (अंड्यावरच्या) पक्ष्यात तर ब्रॉयलरपेक्षा मर जास्त होते ह्यात. पण मला वाटतं लोकांचं सगळ्यात जास्त चुकतंय ते पाण्यात. लस पाण्यातून द्यायची आन पाणी टँकरचं, त्यात ग्रामपंचायतीनं टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेलं. लस जिवंत असती, क्लोरीननं पाण्यातच मरून जाती आन आपण रजिस्टरला लिहितो लस दिली. आधी दोन दिवस क्लोरीन बंद, लसीच्या पाण्यात स्किम मिल्क पावडर लिटरला अडीच ग्रॅम, तास-दीड तास पक्षी तहानलेले ठेवायचे (उन्हाळ्यात कमी, आपल्याकडं एप्रिल-मेत पहाटेच उरकायचं), आन दोन तासांत सगळं पाणी पिऊन झालं पाहिजे. ड्रिंकर कमी असले की दांडगे पक्षी पितात, बारके तसेच राहतात.

अंबाजोगाई_गावरान
मी बचत गटातली, आमच्या गावरान कोंबड्या आहेत, थोड्याच, परसात. गावरानला गंबोरो होत नाही असं इकडं सगळ्याच म्हणतात, खरं आहे का? आणि माणसाला लागतो का हा, लेकरं दिवसभर पिल्लात खेळतात.

पशुवैद्य_उदगीर
ताई, माणसाला होत नाही, निर्धास्त राहा. गावरानलाही होतो, फक्त पक्षी कमी आणि मोकळे असतात म्हणून एवढा पसरत नाही. बाजारातून पिल्लं आणली की चार-पाच घरांनी मिळून लसीची एक वायल (कुपी) घ्या, फोडल्यावर दोन तासांत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका. पण एकाच वेळी भराभर मर झाली, तुरा निळा पडला, तोंड सुजलं तर घरच्या घरी गंबोरो म्हणून बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते विसरून चालणार नाही.

शेडवाला_अहमदपूर
डॉक्टर साहेब लई आभार, पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं. मग पुढच्या बॅचला लस एकदम पहिल्या आठवड्यातच दिली तर? लवकर दिलेली बरी न्हाई का? आन शेड किती दिवस रिकामं ठेवायचं, कंपनी तर लगेच पिल्लं टाकतो म्हणायली.

पशुवैद्य_उदगीर
लवकर दिली की वाया जायची भीती. पिल्लू आईकडून अँटिबॉडी घेऊन आलेलं असतं, ती व्हायरसलाही अडवते आणि लसीलाही. ब्रॉयलरमध्ये ती साधारण तीन दिवसांत निम्मी होत जाते. फार लवकर दिलेल्या लसीला आईकडून आलेली तीच अँटिबॉडी खाऊन टाकते, आणि उशीर केला तर मधल्या उघड्या दिवसांत शेडमधला व्हायरस आधी पोचतो. हे उघडे दिवस नेमके गाठणं हीच गंबोरोतली सगळी लढाई आहे. आणि तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर बाहेरून काहीच दिसत नाही, मर नाही, पण बर्सा कायमचा जातो, ते जास्त नुकसानीचं. म्हणून जहाल लस घाईनं द्यायची नाही, तीही कोवळ्या बर्साला इजा करते. हॅचरीतच दिल्या जाणाऱ्या इम्यून कॉम्प्लेक्स (अँटिबॉडीत बांधलेला लसीचा व्हायरस) किंवा एचव्हीटी वेक्टर (दुसऱ्या निरुपद्रवी व्हायरसवर गंबोरोचा अंश बसवलेल्या) लसी आहेत, पिल्लं तशी मिळतात का ते कंपनीला विचारा.
शेडचं म्हणाल तर हा व्हायरस रिकाम्या शेडमध्ये १२२ दिवस टिकलेला नोंदलाय, त्यामुळं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. लिटर पूर्ण काढा, घासून धुवा, वाळवा, मग फॉर्मालिन किंवा ग्लुटारल्डिहाइड. लिटरमधले काळे किडे भिंतीत, फटीत शिरतात, ते व्हायरस घेऊन बसतात, शेड गरम असतानाच त्यांच्यावर फवारा, थंड झालं की ते लपतात. मेलेले पक्षी खड्ड्यात चुना टाकून, नाल्यात नाही.

परभणी_लेअर
लिटरचं अजून एक, आपल्याकडं ते पोल्ट्री खत म्हणून ऊस-कापसाला इकतात, तोच टेम्पो ह्या शेडवरून त्या शेडवर फिरतो. टेम्पो गेटच्या बाहेरच थांबवा, पोती आपल्या माणसानं बाहेर नेऊन द्यायची, आन त्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्या शेडात जाऊ द्यायचं न्हाई.

पशुवैद्य_उदगीर
अगदी बरोबर. दादा, पुढची पिल्लं आली की पहिल्याच दिवशी काही पिल्लांच्या रक्ताची एलायझा (अँटिबॉडी किती आहे ती तपासणी) करून घ्या, त्यावरून लसीचा दिवस काढता येतो, अंदाजानं ठरवू नका. आणि आत्ताच्या पक्ष्यांचे बर्सा अजून मिळत असतील तर अर्धे बर्फावर पीसीआरसाठी (व्हायरस ओळखायची तपासणी) आणि अर्धे १० टक्के फॉर्मालिनमध्ये घालून पाठवा. परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला उदगीर जवळ पडेल. सोबत कागदावर पक्ष्यांचं वय, दिवसागणिक मर, आणि कोणती लस कधी दिली ते लिहा.